ब्रॅडमनचं एक कार्ड नऊ हजारांना घेऊ का?

पत्र असं आलंय: "काकू नमस्कार, मी सांगलीचा, विश्रामबागला राहतो, कुपवाड एमआयडीसीत नोकरी. गेल्या वर्षी हरभट रोडच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं पत्र्याच्या डबीत क्रिकेटरांची छोटी रंगीत कार्डं मिळाली, मागं जॉन प्लेयर या इंग्लंडच्या सिगारेट कंपनीचं नाव आणि क्रिकेटर्स १९३८. चौकशी केली तर कळलं ५० चा सेट असतो, माझ्याकडं २३ आहेत. तेव्हापासून वेड लागलंय. महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये बाजूला काढू शकतो. ब्रॅडमन माझ्याकडं नाही, एक जण ऑनलाईन सीलबंद ग्रेडवालं कार्ड ९००० ला देतोय, घेऊ का? बायको चिडलीय, मागची दोन पार्सलं मी कंपनीच्या पत्त्यावर मागवली. पावसाळ्यात कार्डं एकमेकांना चिकटायला लागलीत. आणि विजय हजारे आपल्या सांगलीचे, त्यांचं कार्ड यात का नाही? पुढं कधीतरी टॉप्स या अमेरिकन कार्ड कंपनीचा १९५२ चा बेसबॉल सेट करायचं स्वप्न आहे. मार्ग सांगा."

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं, कारण माझीही सुरुवात अशाच एका पत्र्याच्या डबीनं झाली. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, साताऱ्याच्या बाजूची कितीतरी पोरं तेव्हा तिकडं होती, आणि येताना त्यांनी एका गोऱ्या शिपायानं दिलेली डबी आणली होती, त्यात असलीच अठरा कार्डं. लहानपणी आम्ही ती पत्त्यांसारखी खेळलो, त्यातली चार हरवली, आणि चाळिशी उलटल्यावर मला कळलं की हा ५० चा सेट आहे. पुरा करायला मला अकरा वर्षं लागली. एवढी लागायला नको होती, पण मी सुरुवातीला तेच केलं जे तू आत्ता करायला निघालायस, म्हणून आधी तेच सांगते.

नऊ हजाराचं कार्ड घेऊ नकोस.

कार्ड खोटं असेल असं मी म्हणत नाहीये, खरंही असेल. पण प्लेयरवाल्यांनी नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात घालून एवढ्या प्रचंड संख्येनं बाहेर काढली की १९३८ चा सेट आजही सहज मिळतो, दुर्मिळ म्हणावा असा तो नाहीच. आणि त्यात ब्रॅडमनचं कार्डही बाकीच्यांएवढंच छापलेलं, काही कमी नाही. त्याची मागणी जास्त म्हणून किंमत जास्त, एवढंच. ग्रेडवालं म्हणजे कुणीतरी फी घेऊन कार्ड तपासलं, त्याला दहापैकी मार्क दिले आणि कडक प्लॅस्टिकच्या डब्यात सील केलं. म्हणजे तू पैसे मोजतोयस ते त्या डब्याला आणि मार्कांना. सेट करणाऱ्याला त्याचा काय उपयोग, तुझी बाकीची ४९ अल्बममध्ये आणि हे एक डब्यात, शेजारी शेजारी बसणारसुद्धा नाहीत. तू एक काम कर, त्या माणसाला उत्तर द्यायच्या आधी इंग्लंडच्या जुन्या कार्ड विक्रेत्यांकडं याच सेटचा पूर्ण ५० चा भाव बघ, साधारण अवस्थेतला, कोपरे थोडे गोल झालेला. लंडन सिगारेट कार्ड कंपनी म्हणून एक आहे, १९२७ पासून हाच धंदा करते, त्यांची भावांची यादी निघते, तिथून सुरुवात कर. बरेचदा अख्खा सेट, ब्रॅडमनसकट, त्या एका डब्यातल्या कार्डापेक्षा कमी पैशात पडतो. आणि भाव बघताना मागितलेला भाव बघायचा नाही, विकला गेलेला भाव बघायचा. मागायला काय, कुणीही काहीही मागतं.

आता तू म्हणशील काकू मग अख्खा सेटच घेऊन टाकतो, विषय संपला. तसंही करता येईल आणि त्यात लाज काही नाही. पण तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुला तो जमवायचाय, एकेक करून. मग आधी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिही, की माझ्यासाठी सेट पूर्ण म्हणजे काय. कोरीकरकरीत ५० पाहिजेत का? घडी पडलेलं, कोपरा गेलेलं चालेल का? मागं डिंकाचा डाग चालेल का? हे न ठरवता घेत गेलं की काय होतं ते मी भोगलंय, आधी स्वस्तातलं घ्यायचं, मग ते बाकीच्यांत खराब दिसतं म्हणून तेच परत चांगलं घ्यायचं, असं करून मी सात नंबर तीनदा घेतलाय. बजेटवाल्यानं माझ्या मते एकच पातळी धरावी, चेहरा स्वच्छ पाहिजे, कोपरे गोल चालतील, हलकी घडी चालेल, मागचा मजकूर वाचता आला पाहिजे. झालं. या पातळीला भाव एकदम खाली येतो, आणि अल्बममध्ये हातभर अंतरावरून बघितलं तर फरक कळतसुद्धा नाही.

आणि पूर्ण म्हणजे काय हे आपणच ठरवायचं असतं, यात कमीपणा नाही. अमेरिकेत १९०९ ते १९११ च्या दरम्यानचा बेसबॉलचा टी २०६ म्हणून सिगारेट कार्डांचा सेट आहे, ५२४ कार्डांचा, त्यात होनस वॅगनरचं कार्ड आहे जे २०२२ मध्ये ७० लाख डॉलरच्या वर गेलं. तिथली मुरलेली माणसं काय करतात, वॅगनर आणि अजून तीन महागडी सोडून ५२० झाली की सेट पूर्ण धरतात आणि एकमेकांचं अभिनंदन करतात. तुझ्या सेटमध्ये तर तशी सोडायची वेळसुद्धा येणार नाही.

आता पैशाचं. तुला २७ कमी आहेत. साधं कार्ड समज एक-दोन पौंडाला मिळालं, तर खरा खर्च कार्डाचा नसतो, पोस्टेजचा असतो, एका पाकिटाचं पोस्टेज कित्येकदा आतल्या दोन-तीन कार्डांपेक्षा जास्त होतं, वर कस्टमची ड्युटी बसली तर ती वेगळी, तिचा आजचा दर मागवायच्या आधी बघून घे. म्हणजे दर महिन्याला १५०० ची दोन कार्डं मागवणं हा सगळ्यात महाग रस्ता आहे. चार महिने काही मागवू नको. सहा हजार साठू दे. तेवढ्या काळात वहीत नंबरवार यादी कर, कुठला आहे कुठला नाही, कुठल्या विक्रेत्याकडं काय भाव दिसला, तारीख टाक. मग एकाच विक्रेत्याला २७ नंबरांची यादी पाठवून विचार की यातले साधारण अवस्थेतले एकदम कितीला देता. सगळे मिळून येणारा भाव जर अख्ख्या सेटच्या भावाच्या वर जायला लागला तर तिथं थांबायचं आणि सेट घ्यायचा, मग तुझी आत्ताची २३ सुटी होतात ती बदल्याला कामी येतात. आणि एक नंबर आणि ५० नंबर महाग दिसले तर घाबरू नको, रबर लावून गठ्ठा ठेवलेला असायचा ना, वरचं आणि खालचं कार्ड सगळ्यात जास्त घासलं जायचं, म्हणून पहिला आणि शेवटचा नंबर चांगला कमी मिळतो आणि त्याचे ज्यादा पैसे लावतात. ते दोन घासलेलेच घे.

कार्ड हातात आलं की आपल्या खात्रीच्या कार्डांच्या गठ्ठ्यात घालून चारी बाजूंनी टेबलावर ठोकायचं, पत्ते ठोकतो तसं, मग कडेवरून बोट फिरवायचं. एखादं कार्ड आत गेलेलं लागलं तर कडा कापलीय, कोपरे टोकदार दिसावेत म्हणून कापतात. ही लबाडी मोठमोठ्यांनी केलीय, वॅगनरचं जे सगळ्यात गाजलेलं कार्ड, त्याच्या कडा आपण कापल्या होत्या असं बिल मॅस्ट्रो नावाच्या लिलाववाल्यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. नवीन छापलेल्या नकलाही असतात, बऱ्याचशांच्या मागं तसं लिहिलेलं असतं, म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. १९३८ च्या खऱ्या कार्डाला मागं डिंक लावलेला असतो, कारण दुकानात एका पेनीला अल्बम मिळायचा आणि त्यात ओलं करून चिकटवायचं होतं.

आणि हाच डिंक तुझ्या पावसाळ्याच्या त्रासाचं कारण आहे, यावर जरा नीट बोलते कारण इथं चूक झाली तर परत दुरुस्त होत नाही.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की मिठाचं पाणी होतं, पापड सादळतात, मग ऐंशी वर्षांपूर्वीचा डिंक सुटणार नाही का. तू गठ्ठा करून ठेवली असशील, एकाची पाठ दुसऱ्याच्या तोंडावर. २०१९ च्या पुरात माझ्या बहिणीच्या घरात पाणी शिरलं, सांगलीत गावभागात राहते ती, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ ची, तुला काय सांगायचं तू बघितलंच असशील. मी माझी डबल कार्डं भाच्याला दिली होती, ती डबी खालच्या कपाटात राहिली. पाणी उतरल्यावर डबी उघडली तर आत कार्डं नव्हती, एक वीट होती. चिखलाचा वास येणारी, साबणाच्या वडीएवढी. मी काय केलं, घाईघाईनं वरचं कार्ड नखानं उचलायला गेले, आणि फलंदाजाचा चेहरा निघून खालच्याच्या मागं बसला. म्हणजे एकाच ओढण्यात दोन कार्डं गेली. आजही तो अर्धा चेहरा माझ्या डोळ्यापुढं आहे, गाल आणि टोपीची कड. मग भाच्यानं हात धरला, म्हणाला मावशी थांब. ती वीट तशीच पसरट ताटात साध्या गार पाण्यात ठेवली, तासाभरानं पाणी बदललं, परत ठेवली, आणि हळूहळू डिंक सुटून कार्डं आपोआप सरकायला लागली, पानं सुटावीत तशी. एकेक काढून जुन्या पांढऱ्या सुती धोतराच्या घड्यांमध्ये ठेवलं, वर पाटी, पाटीवर पुस्तकं, दोन दिवस. ऊन नाही दाखवलं, ऊन दाखवलं की वाकतात आणि रंग उडतो. मागचा डिंक गेला, कार्डं जरा फिकी झाली, पण वाचली.

तुझी अजून विटेपर्यंत गेली नाहीत. जी सहज सुटतील ती सोड, जी नुसती किंचित धरलीत ती चार दिवस कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेव, वाळली की कित्येकदा टक् करून सुटतात. नाही सुटली तर गार पाण्याचा उपाय, पण तो शेवटचा, आणि आधी एखाद्या साध्या जोडीवर करून बघ. पूर येऊन अख्खी पेटी भिजली आणि लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाक, लाईट असेल तर. गोठलं की बुरशी थांबते, मग सवडीनं एकेक करता येतं.

आणि यापुढं गठ्ठा नाही. प्रत्येक कार्ड वेगळ्या खिशात. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या ज्या मऊ पिशव्यांना रेनकोटसारखा वास येतो त्या घेऊ नको, तो पीव्हीसी असतो, गरमीत चिकट होतो आणि शाई ओढून घेतो. पॉलिप्रॉपिलीनची पानं माग, वास येत नाही, जरा कुरकुरीत वाजतात. कार्ड जेमतेम पावणेतीन इंच उंच आणि दीड इंच रुंद, त्यामुळं एका पानात बरीच बसतात, ५० चा सेट पाच-सहा पानांत उरकतो. अल्बम लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेव, भिंतीला टेकून नको. शेजारी कापडाच्या पुरचुंडीत वेखंड ठेव, जुन्या पोथ्यांना ठेवायचे तसं, कसर लागत नाही, फक्त कार्डाला टेकू देऊ नको. सिलिका जेलची पाकिटं महिन्या-दीड महिन्यानं तव्यावर मंद गरम करून परत वापरता येतात.

आता घरातलं. तू पत्रात हे एका ओळीत उरकलंस पण मला वाटतं बायको कार्डांवर चिडलेली नाही. कंपनीच्या पत्त्यावर पार्सल मागवलंस ना, ते तिला कुठून तरी कळलं असणार, आणि लपवलेली वस्तू बाईला नेहमी आहे त्यापेक्षा महाग वाटते. माझ्या नवऱ्यालाही मी एकदा असंच सांगितलं होतं की शंभराचं आहे, पावती सापडली आठशेची, आणि सहा महिने तो माझ्या प्रत्येक पाकिटाकडं बघायचा, बोलायचा नाही, नुसता बघायचा. तेव्हा दोन्ही पार्सलांचा खरा आकडा आजच सांग, वही तिच्यापुढं ठेव, आणि १५०० चा आकडा दोघांनी मिळून ठरवा, तिनं हजार म्हणलं तर हजार. क्रेडिट कार्डावर नाही, उधारीवर नाही, हप्त्यावर तर मुळीच नाही. आणि तिला ही गुंतवणूक आहे असं सांगू नको, या सेटमधून पैसा होत नाही, तुला आवडतं म्हणून करतोयस एवढं खरं कारण पुरेसं आहे. जमलं तर तिला नंबर तपासायला बसव. माझा नवरा शेवटी माझ्यापेक्षा चांगला कापलेली कडा ओळखायला लागला.

हजाऱ्यांबद्दल विचारलंस ते मला फार आवडलं. ते सांगलीचेच, ११ मार्च १९१५ चा जन्म. पण हिशोब बघ, तुझा सेट १९३८ चा, त्यात इंग्लंडचे खेळाडू आणि त्या वर्षी तिकडं दौऱ्यावर गेलेले ऑस्ट्रेलियन, म्हणून हॅमंड आहे, हटन आहे, ओरायली आहे, ब्रॅडमन आहे. १९४० मध्ये युद्धामुळं कागदाची टंचाई आली आणि इंग्लंडमध्ये पाकिटात कार्ड घालणं बंदच झालं. हजारे पहिली कसोटी खेळले १९४६ मध्ये. म्हणजे त्यांची वेळ आली तेव्हा पाकिटातली कार्डं संपली होती. आपला माणूस कमी पडला असं काही नाही, नुसती सहा वर्षं आडवी आली. १९४८ च्या जानेवारीत ॲडलेडला ह्याच ब्रॅडमनच्या टीमसमोर त्यांनी दोन्ही डावांत शतक ठोकलं, ११६ आणि १४५, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारत पहिल्यांदा कसोटी जिंकला तेव्हा कॅप्टन तेच होते. मी माझ्या अल्बममध्ये ब्रॅडमनच्या पानासमोर एक खिसा मोकळा ठेवलाय आणि त्यात त्याच मापाच्या जाड कागदावर हे दोन आकडे शाईनं लिहून घातलेत, बाकी काही नाही. सेटमध्ये मी ते मोजत नाही, पण अल्बम कुणी बघायला घेतला की आधी तिथंच बोट थांबतं. सांगलीच्या पोरानं तर हे करावंच.

टॉप्सच्या १९५२ च्या सेटचं मात्र स्वप्न सोड, हे सरळ सांगते. ४०७ कार्डं, त्यातली ३११ पासून पुढची शेवटची मालिका उशिरा आली, खपली नाही, आणि उरलेला माल १९६० मध्ये समुद्रात नेऊन टाकला असं टॉप्सच्या साय बर्गर यांनीच सांगितलंय. ३११ नंबर म्हणजे मिकी मँटल, त्याचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. कोपरे गेलेलं, घड्या पडलेलं मँटलसुद्धा तुझ्या-माझ्या कितीतरी वर्षांच्या पगाराचं आहे. फारच वाटलं तर त्या सेटच्या सुरुवातीच्या नंबरांतलं एखादं साध्या खेळाडूचं घासलेलं कार्ड घे, त्या छपाईचा रंग हातात धरून बघायला. पण दुसरा सेट हवाच असेल तर प्लेयरचाच १९३४ चा क्रिकेटर्स घे, तोही ५० चा, तोही हाताला येणारा, आणि १९३८ करताना जमलेली वही, ओळखी, नजर सगळी तिथं कामी येते.

तू पत्रासोबत २७ नंबरांची चिठ्ठी जोडलीस ते बरं केलंस. त्यात १९ आहे आणि ४४ आहे. १९ आणि ४४ माझ्याकडं डबल आहेत, पुरातून वाचलेल्यांतली, मागं डिंक नाही, रंग जरा फिका, पण तुझ्या वहीत तू जी पातळी लिहिशील त्यात बसतील. पैसे नकोत. तुझ्या २३ मध्ये एखादं डबल निघालं तर ते घेऊन ये. पोस्टानं पाठवत नाही, पाऊस आहे. दिवाळीच्या आधी साताऱ्याला चक्कर झाली की दोघं मिळून या, आणि चिकटलेली जोडी असेल तर ती सोडवायला न जाता तशीच घेऊन या, पसरट ताट माझ्याकडं आहे.